गणित अडले की मोबाइल: ऑनलाइन मदतीचा आढावा

महाराष्ट्रात दहावी होऊन विज्ञान शाखेत गेलेल्या मुलामुलींची खरी कसोटी अकरावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू होते. तोवर सूत्रात किमती घातल्या की गणित सुटत होते. आता सदिश येतात, डेरिव्हेटिव्ह येतात, बलांची आकृती काढल्याशिवाय भौतिकशास्त्राचे उदाहरण पुढे सरकत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची भाषाही त्याच वेळी बदलते. वर्ग भरलेला, क्लासची बॅच त्याहून मोठी, आणि सरांना पोर्शन संपवायची घाई. अशा वेळी डाउट मनातच राहतो आणि रात्री अभ्यासाला बसल्यावर हात मोबाइलकडे जातो. यात गैर काही नाही. अडल्यावर विचारावेसे वाटणे ही शिकण्याची पहिली खूण आहे, आणि ज्याला घरी विचारायला कोणी नाही, त्याला जगातली उत्तम व्याख्याने आज फुकट मिळतात ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की या मदतीतून खरोखर शिकणे किती होते. गेल्या चाळीसेक वर्षांत यावर बरेच संशोधन झाले आहे. ते एकत्र ठेवून पाहिले तर एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो: मदत कोणत्या साधनातून मिळाली यापेक्षा ती घेताना विद्यार्थ्याला स्वतः किती करावे लागले, यावर तिचे मोल ठरते.

आज मिळणारी मदत ढोबळमानाने चार प्रकारची आहे. पहिला प्रकार व्याख्यानांचा. एमआयटीने 2001 मध्ये आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, आपल्याकडे आयआयटींनी मिळून एनपीटेल उभे केले, आणि सलमान खान यांनी 2004 मध्ये नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवता शिकवता जे सुरू केले त्याची पुढे खान अकॅडमी झाली. दुसरा प्रकार तयार उत्तरांचा: प्रश्नाचा फोटो काढायचा, की सोडवलेले उदाहरण समोर येते. 2014 मध्ये आलेले फोटोमॅथ आणि नंतरचे आपल्याकडचे डाउटनट ही त्याची उदाहरणे. तिसऱ्या प्रकारात दुसरी माणसे उत्तर देतात. त्यात जगभरचे जाणकार असलेली प्रश्नोत्तरांची संकेतस्थळे आली, तसेच क्लासचे व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे ग्रुपही आले. चौथा प्रकार चॅटजीपीटीसारख्या संभाषण करणाऱ्या यंत्रांचा. 2022 च्या अखेरीस ती आली आणि बघता बघता पहिल्या तिन्हींच्या जागा व्यापू लागली. पालक यांची तुलना करतात ती फी, सरांचे नाव आणि निकाल पाहून. या कसोट्यांवरून ॲप निवडता येते, पण ते मुलाच्या डोक्यात काय घडवते याचा अंदाज त्यांतून येत नाही.

व्याख्यानांपासून सुरुवात करू, कारण तिथे फसगत सर्वांत गोड असते. आज ‘व्हेरिटासियम’ या वाहिनीमुळे ओळखले जाणारे डेरेक म्युलर यांनी 2008 मध्ये सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. त्यांनी विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवरचे वेगवेगळे व्हिडिओ दाखवले. एकात नियम स्वच्छ, नेमक्या शब्दांत समजावले होते. दुसऱ्यात नेहमीचे गैरसमज आधी मांडून, त्यांवर संवाद घडवून मग योग्य कल्पना आणली होती. पहिला व्हिडिओ पाहणाऱ्यांना तो सुबोध वाटला, आपल्याला समजले असा त्यांचा विश्वासही वाढला, पण चाचणीतले गुण जवळपास होते तिथेच राहिले. दुसरा पाहणाऱ्यांना तो गोंधळात टाकणारा वाटला, आणि प्रगती मात्र त्यांचीच झाली. हार्वर्डमध्ये लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा सूर हाच आहे: वर्गात स्वतः उदाहरणांशी झुंजलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, सराईत व्याख्यान ऐकणाऱ्यांना जास्त शिकलो असे वाटले, आणि चाचणीने दोन्ही समज उलटे ठरवले. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये 62 अभ्यासक्रमांतल्या 6,542 विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली होती. बलाच्या संकल्पनांमध्ये जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांनी सरासरी 23 टक्के साधली आणि विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांनी 48 टक्के. ‘समजल्यासारखे वाटणे’ हा समजण्याचा पुरावा नाही, हा या सगळ्याचा पहिला धडा.

तयार उत्तरांच्या बाबतीत नुकसान वेगळ्या जागी होते. x² = 3x हे साधे समीकरण घ्या. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंना x ने भागले आणि x = 3 असे उत्तर काढले. पुस्तकाच्या मागे उत्तर 0 आणि 3. त्याने फोटो काढला. पडद्यावर आले: सर्व पदे एका बाजूला घ्या, x सामाईक काढा, म्हणून x = 0 किंवा x = 3. हे उत्तर अचूक आहे, आणि वहीत उतरवले की गृहपाठही पूर्ण होतो. पण त्याची चूक आहे तिथेच आहे. x ने भागताना x शून्य नाही असे आपण न सांगता धरून चाललो, हे त्याला कोणी दाखवलेच नाही, कारण त्याने काय केले हे त्या ॲपने पाहिलेच नव्हते. काही महिन्यांनी त्रिकोणमितीत sin 2θ = sin θ येईल, तो sin θ दोन्हीकडून काटेल आणि अर्धी उत्तरे पुन्हा हरवतील. एमआयटीमधील डेव्हिड प्रिचर्ड यांच्या गटाने 2010 मध्ये ऑनलाइन गृहपाठाच्या नोंदी तपासल्या. भौतिकशास्त्राची उत्तरे उतरवणारी मुले सुरुवातीला गणितात किंवा भौतिकशास्त्रात इतरांपेक्षा कच्ची नव्हती, पण अंतिम परीक्षेत बरीच मागे पडली. रटगर्स विद्यापीठातल्या 2020 च्या एका अभ्यासानुसार, गृहपाठात चांगले पण परीक्षेत तेच प्रश्न आल्यावर कमी गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण 2008 मध्ये 14 टक्के होते, ते 2017 मध्ये 55 टक्क्यांवर गेले. तो विषय मानसशास्त्राचा होता; पण उत्तर शोधून उतरवणे सोपे झाले की गृहपाठाचा उपयोग कसा ओसरतो, हे त्यातून दिसते.

मग चांगली मदत कशी दिसते? अकरावीत हमखास येणारा एक गैरसमज पाहू. टेबलावर पुस्तक ठेवले आहे. पृथ्वी ते खाली ओढते, टेबल ते वर ढकलते, दोन्ही बले समान आणि विरुद्ध. विद्यार्थी म्हणतो, हाच न्यूटनचा तिसरा नियम. पाहणाऱ्यालाही ते पटते. ‘चूक, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे’ एवढे सांगितले तर तो वाक्य पाठ करेल आणि प्रश्न थोडा बदलला की पुन्हा अडेल. जाणकार माणूस इथे उलट प्रश्न विचारतो: ही दोन्ही बले कोणावर लागली आहेत? दोन्ही पुस्तकावरच. मग तिसरा नियम तर दोन वस्तूंनी एकमेकींवर लावलेल्या बलांबद्दल बोलतो ना? पुढचा प्रश्न: हेच टेबल वर जायला सुरुवात करणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवले तर? टेबलाचा रेटा पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त होतो. क्रिया-प्रतिक्रिया कधीच असमान नसतात, मग ही जोडी असमान कशी झाली? इथे विद्यार्थ्याची स्वतःची समजूतच त्याला अडवते. पुस्तकाच्या वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणे, आणि टेबलाच्या रेट्याची जोडी म्हणजे पुस्तकाने टेबलाला दाबणे, इथवर तो आपल्या पायांनी पोचतो. यात माहिती फार थोडी दिली गेली, प्रश्न मात्र नेमक्या जागी विचारले गेले.

शिकवणीवरचे संशोधन हेच मोजून दाखवते. बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये म्हटले की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे जातो. त्यांनी सांगितलेला फरक प्रचंड होता, आणि नंतरच्या तपासण्यांत तो एवढा मोठा सापडला नाही. पण 2011 मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी घेतलेला आढावा अधिक उपयोगाचा आहे, कारण त्यांनी मदतीचे प्रकार वेगळे केले. माणसाच्या शिकवणीचा परिणाम (प्रमाण विचलनाच्या एककात) 0.79, उदाहरणाच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवून तिथेच दुरुस्ती करणाऱ्या संगणक प्रणालींचा 0.76, आणि फक्त शेवटचे उत्तर बरोबर की चूक एवढेच सांगणाऱ्या प्रणालींचा सुमारे 0.3. म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यात फरक जेमतेम आहे. पायरी पाहणारी मदत आणि उत्तर पाहणारी मदत यांच्यात मात्र तो दुपटीहून अधिक आहे. ‘मोबाइलवर शिकून काही होत नाही, समोर सर हवेतच’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे नजरेखालून घालावेत. ‘आमच्या ॲपवर लाखो प्रश्नांची उत्तरे आहेत’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी तर अधिकच.

संभाषण करणाऱ्या यंत्रांनी हा वाद पुन्हा पेटवला आहे, आणि सुदैवाने त्यांच्याबद्दल दोन चांगले प्रयोग हाती आहेत. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी ही मदत दिली गेली. एका गटाला नेहमीच्या चॅटजीपीटीसारखे खुले यंत्र मिळाले. दुसऱ्याला मिळालेल्या यंत्राला थेट उत्तर न देता इशारे द्यायला सांगितले होते, आणि नेहमीच्या चुका कोणत्या हे शिक्षकांनी आधीच पुरवले होते. सराव करताना पहिला गट मदत नसलेल्यांपेक्षा 48 टक्क्यांनी सरस ठरला, दुसरा 127 टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा पहिला गट, कधीच मदत न मिळालेल्यांपेक्षाही, 17 टक्क्यांनी मागे पडला. इशारेवाल्या गटाचे हे नुकसान जवळजवळ टळले. आपले नुकसान झाले आहे, याची पहिल्या गटाला जाणीवही नव्हती. याउलट हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, काळजीपूर्वक घडवलेल्या यंत्र-शिक्षकाने चांगल्या, विचार करायला लावणाऱ्या वर्गालाही मागे टाकले, तेही कमी वेळात. ते यंत्र एका वेळी एकच पायरी पुढे जाई, पूर्ण उत्तर हातात देत नसे, आणि बरोबर उत्तरे शिक्षकांनी त्याला आधीच लिहून दिली होती. हे दोन प्रयोग एकमेकांना खोडत नाहीत. दोन्हींत तंत्रज्ञान एकाच घराण्यातले होते. परिणाम ठरवला तो त्यामागच्या शिकवण्याच्या पद्धतीने.

या मांडणीवर पहिला गंभीर आक्षेप शिक्षणशास्त्रातूनच येतो. नवशिक्याला एकटे झुंजायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे, त्याला आधी सोडवलेली उदाहरणे दाखवा, असे जॉन स्वेलर 1980 च्या दशकापासून सांगत आले आहेत, आणि त्यांच्या बीजगणितातल्या प्रयोगांना वजन आहेच. प्रकरण अगदी नवे असताना सोडवलेले उदाहरण वाचणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, यात वाद नाही. पण ते वाचावे कसे? मिशेलीन ची यांनी 1989 मध्ये यांत्रिकीची सोडवलेली उदाहरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले. नंतर जे चांगले ठरले ते प्रत्येक ओळीला थांबून ‘हे बल इथेच का घेतले’ याचे उत्तर स्वतःला देत होते, आणि ‘ही ओळ मला कळली नाही’ असे वेळेवर ओळखत होते. जे कच्चे राहिले ते वाचत पुढे जात होते, सगळे कळले असे म्हणत होते, आणि पुढचे उदाहरण सोडवताना पुन्हा पुन्हा त्याच नमुन्याकडे वळत होते. म्हणजे सोडवलेले उदाहरणही उपयोगी पडते ते वाचणारा त्याच्याशी भांडला तरच. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा सल्ला वेगळा नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. सीईटीत गणिताच्या 50 प्रश्नांना 90 मिनिटे, जेईई मेनमध्ये तीन विषयांचे 75 प्रश्न तीन तासांत. हजारो प्रश्नांचा सराव हवा असताना एकेका शंकेवर अर्धा तास कोण घालवणार? घराघरांत याच हिशेबाने दिवस आखले जातात, म्हणून हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण हिशेब नीट मांडला तर तो उलट बाजूने लागतो. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो. तुर्कस्तानातल्या मुलांचे सरावातले गुण वाढले आणि परीक्षेतले घटले ते नेमके याच कारणाने. वेग येतो तो पायऱ्या स्वतःच्या झाल्यावर. शंभर उत्तरे पाहून शंभर नमुने ओळखीचे वाटतात, पण प्रश्नात एक अट बदलली की ती ओळख कामाला येत नाही. शिवाय झुंजणे म्हणजे तासभर भिंतीकडे बघत बसणे नव्हे. दहा-पंधरा मिनिटे प्रामाणिक प्रयत्न, तरी वाट दिसत नसेल तर फक्त पुढच्या पायरीचा इशारा, हा मध्यममार्ग वेळेच्या दृष्टीनेही परवडणारा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या मुलाला क्लास आहे, घरी शिकलेले पालक आहेत. तालुक्याच्या कॉलेजात, जिथे भौतिकशास्त्राचे पदच रिकामे असते, तिथल्या मुलीला फोटो काढून मिळालेले उत्तर हीच काय ती मदत. तीही नाकारणार का? मुळीच नाही. पण तिला नुसत्या उत्तरावर समाधान मानायला सांगणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे. शहरातल्या मुलाने उत्तर उतरवले तरी कोणीतरी कधीतरी त्याची चूक पकडते. तिची चूक पकडायला दुसरे कोणी नाही. म्हणून पायरी पाहणारी, इशारे देणारी मदत सर्वांत जास्त तिलाच हवी. ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने 2023 मध्ये पाहणी केली. सुमारे 90 टक्क्यांच्या घरात स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. पण स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या निम्म्याहूनही कमी होते, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम 43 टक्क्यांना जमले. फोन पोचला, गणित पोचले नाही. त्यात अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत. मराठीत विचार करणारी मुलगी इंग्रजीत प्रश्न लिहिताना आपली अडचणच अर्धवट मांडते, आणि अर्धवट प्रश्नाला छापील उत्तर मिळते. जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते. शंका मात्र मराठीतून विचारायची आणि नीट उत्तर मिळवायची सोय अजून फार तोकडी आहे.

यातून विद्यार्थ्याने शिकायची पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न मांडणे. ‘हे गणित कळले नाही, सोडवून द्या’ या वाक्यात मदत करणाऱ्याला धरायला काहीच नाही. ‘उतारावरचा ठोकळा वर ढकलला आहे, घर्षण मी वरच्या दिशेने घेतले, त्वरण उत्तराशी जुळत नाही’ एवढे लिहिले की चूक उघडी पडते: घर्षण सरकण्याच्या विरुद्ध असते, ठोकळा वर जात असेल तर ते खाली. पुष्कळदा हे लिहितानाच विद्यार्थ्याला स्वतःची चूक दिसते. जाणकारांच्या चांगल्या प्रश्नोत्तर-संकेतस्थळांवर ‘तुम्ही काय करून पाहिले ते आधी लिहा’ असा दंडक असतो. नवख्या मुलांना तो उर्मट वाटतो, पण वर पाहिलेले सगळे संशोधन त्याच्याच बाजूने बोलते. यंत्राला विचारतानाही हेच करता येते: आपला प्रयत्न लिहायचा, पूर्ण उत्तर नको, फक्त पहिली चूक दाखव असे सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बंद करून तेच उदाहरण कोऱ्या पानावर सोडवायचे. यंत्र आत्मविश्वासाने चुकीचेही सांगते, त्यामुळे आलेले उत्तर एकके आणि टोकाच्या किमती घालून तपासण्याची सवय लागली तर तीच भौतिकशास्त्राची उत्तम शिकवण ठरते.

पण हे सगळे सोळा वर्षांच्या मुलाच्या संयमावर सोपवून मोठ्यांनी मोकळे होऊ नये. उत्तर एका बोटाच्या अंतरावर असताना इशाऱ्यावर थांबणे मोठ्यांनाही जड जाते. म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी आधी इशारा आणि मागितल्यावरच उत्तर हा क्रम ठेवावा. शिक्षकांनी गृहपाठाच्या उत्तरापेक्षा प्रयत्नाला आणि नीट विचारलेल्या शंकेला गुण द्यावेत. मग उतरवण्यात मुलांना फायदाच उरणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांत ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचाचे क्यूआर कोड आहेतच. त्यांच्यामागे आणखी व्याख्याने भरण्याऐवजी, प्रत्येक प्रकरणातले नेहमीचे गैरसमज आणि त्यांवरचे पायरी-पायरीचे प्रश्न मराठीत घातले, तर रिकाम्या पदाच्या कॉलेजातल्या मुलीलाही काही हाती लागेल. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून मुले विज्ञानात कुठे आणि का अडखळतात याचा अभ्यास करत आहे, मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीत विज्ञान नेत आहे, आणि वर्गात हेच गैरसमज वर्षानुवर्षे दुरुस्त करणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांना एकत्र बसवायची इच्छाशक्ती हवी. आणि पालकांनी वर्षाची फी भरण्याआधी निकालाच्या जाहिराती बाजूला ठेवून एवढेच पाहावे: महिनाभर हे ॲप वापरल्यावर, ते बंद असताना, आपले मूल एखादे न पाहिलेले उदाहरण सोडवते का, आणि अडलेच तर नेमके कुठे अडले हे सांगू शकते का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच त्या मदतीतून मूल काही शिकले असे म्हणता येईल.